मुलाचं वर्ष जातं, मुलीची शाळा जाते

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : 'यंदाही मुलींचीच बाजी'. २०२५ च्या निकालात राज्यात ९४.१० टक्के विद्यार्थी पास झाले. त्यात मुली ९६.१४ टक्के आणि मुलगे ९२.३१ टक्के. पेढे भरवणाऱ्या आईबापांचे फोटो छापून येतात, आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. आपल्या आयांना जे मिळालं नाही ते या मुली हिकमतीनं मिळवताहेत.

पण मैत्रिणींनो, ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलींची असते. जूनमध्ये दहावीच्या हजेरीपटावर जिचं नाव होतं आणि परीक्षेच्या बाकावर जी दिसली नाही, तिचा हिशेब या मथळ्यात कुठेच नसतो. ती का आली नाही? कुणाचं लग्न लागलं, कुणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. ही कारणं आपल्या बैठकांत आणि शिबिरांत निदान बोलली तरी जातात. मला इथे आणखी एका कारणाबद्दल लिहायचं आहे. ती मुलगी आजारी पडली, एवढंच ते कारण आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यात बायकांच्या गटांबरोबर काम करते. घाटावरही फिरते आणि घाटाखालीही. दहावीच्या वर्षात मोठं दुखणं आलेल्या मुली दोन्हीकडे भेटतात. कुणाला हृदयाच्या झडपेचा त्रास, कुणाला सिकलसेल, खारपाणपट्ट्यात कुणाला मूत्रपिंडाचा विकार. पण मी इथे मुख्यतः क्षयाबद्दल, म्हणजे टीबीबद्दल लिहिणार आहे. कारण हा आजार बरा होतो. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. साधा क्षय असेल तर रोजच्या गोळ्यांनी सहा महिन्यांत माणूस बरं होतं. तरीही या आजारात मुलीची शाळा सुटते. जंतूमुळे सुटत नाही, तर का सुटते, हे आपण नीट पाहायला हवं.

एकाच गावातली दोन दुखणी

घाटाखालच्या एका गावात मी दोन घरं जवळून पाहिली. एका घरातला मुलगा दहावीत असताना मोटारसायकलवरून पडला. पाय मोडला, महिनाभर अंथरुणावर होता, परीक्षा हुकली. सगळं गाव भेटायला गेलं. "जीव वाचला हे काय कमी? परीक्षा पुढच्या वर्षी देईल," असं प्रत्येकजण म्हणालं. त्याने पुढच्या वर्षी परीक्षा दिली. नंतर कुणी त्याला विचारलंही नाही की तुझं एक वर्ष कुठे गेलं.

दुसऱ्या घरातली मुलगी सोयाबीन काढणीच्या दिवसांत खोकायला लागली. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर शेतात जायची, म्हणून सगळ्यांना वाटलं की भुसकटाचा खोकला आहे. हळद-दूध झालं, तुळशीचा काढा झाला, मेडिकलवाल्याने दिलेल्या औषधाच्या बाटल्या झाल्या. दिवाळी गेली, कापूस वेचायला आला. रोज संध्याकाळी अंग तापायचं, जेवण जात नव्हतं, शाळेचा ड्रेस अंगावर लोंबायला लागला. वर्गात ती डोकं टेकून बसायची, तेव्हा 'अभ्यासाचा कंटाळा' म्हणून बोलणी खायची. मग तिची पाळी थांबली.

अंग इतकं खंगलं की पाळी थांबू शकते. क्षयात असं होतं, नुसत्या उपासमारीतही होतं. पण घरात पहिली शंका आली ती भलतीच. तिला मार बसला, शाळा बंद झाली. तिला तालुक्याला खाजगी दवाखान्यात नेलं ते दिवस गेलेत का हे बघायला. तिच्या छातीची तपासणी व्हायच्या आधी तिच्या चारित्र्याची तपासणी झाली. तिथून पुढे सरकारी दवाखान्यात बेडका तपासला गेला तेव्हा डिसेंबर संपत आला होता. क्षय निघाला.

तिची आई मला म्हणाली, "ताई, कोनाले सांगू नका. पोरीची जात हाय. उद्या तिची सोयरीक कोन करीन?" आईला मुलीची काळजी नव्हती असं मुळीच नाही. तिला चांगलं ठाऊक होतं की गावात मुलीच्या आजाराचा अर्थ काय लावतात. गोळ्या आणायला गेलं तर आशाताई घरी येणार, ती घरी आली की शेजारीण विचारणार, शेजारणीला कळलं की बाजाराच्या दिवशी नातेवाइकांना कळणार. म्हणून घरच्यांनी मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात मामाकडे पाठवलं. शाळेत सांगितलं की आजी आजारी आहे. सोबत पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. मामाच्या गावच्या दवाखान्यात तिचं नाव घालायचं तर तिथेही बोभाटा होणार, म्हणून ते राहून गेलं. गोळ्या संपल्या. तिला थोडं बरं वाटत होतं. क्षयाच्या गोळ्यांनी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटायला लागतंच, आणि नेमका तोच धोक्याचा काळ असतो. उन्हाळ्यात दुखणं उलटलं. या वेळी नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा क्षय होता. अकोल्याला न्यावं लागलं. पुढे ती वाचली, पण शाळेचं दार तिच्यासाठी कायमचं बंद झालं होतं. वडिलांनी मला सरळ सांगितलं, "पोट्ट्याचं वर्ष गेलं तर भरून निघते. पोरीचं वय कुठं थांबते?"

या एका वाक्यात सगळं आलं. मुलाला गेलेलं वर्ष परत मिळतं. मुलीला ते मिळत नाही. तिचं शिक्षण हे लग्न ठरेपर्यंतचं बसणं मानलेलं असतं. त्या बसण्यात खंड पडला की घराला वाटतं, आता कशाला परत बसवायची? म्हणून दहावीच्या वर्षी आलेलं दुखणं मुलाच्या आयुष्यात एक वर्ष खातं आणि मुलीच्या आयुष्यात पुढची सगळी वर्षं खातं. आजार दोघांना सारखाच होतो. वर्ष मात्र सारखं नसतं.

लपवण्याची किंमत

घरचे लोक आजार लपवतात ते मुलीचं लग्न व्हावं म्हणून. पण होतं काय? बेडक्यात जंतू असलेल्या फुप्फुसाच्या क्षयाची लागण खोकल्यातून होते. योग्य गोळ्या सुरू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत ती शक्यता फार कमी होते. गाठीचा, हाडाचा किंवा पोटाचा क्षय असेल आणि फुप्फुसात काही नसेल, तर तो शेजारी बसणाऱ्याला होतही नाही. म्हणजे दडवून ठेवलेली, औषधाविना खोकणारी मुलगी घरातल्या लहान भावंडांना जितकी धोक्याची, तितकी वर्गात बसून नेमाने गोळ्या घेणारी मुलगी कुणालाच नाही. क्षय गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत गेला आणि उपचार लांबले तर पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. ज्या भीतीपोटी आजार झाकायचा, ती भीती झाकण्यामुळेच खरी होण्याचा हा रस्ता आहे. लग्नाच्या बाजारात मुलीची किंमत टिकावी म्हणून तिचं शरीर पणाला लावायचं, हा व्यवहार आपल्या समाजाने शहाणपणाचा ठरवून टाकला आहे.

आणि लग्न झाल्यावर कळलं तर? परित्यक्तांच्या प्रश्नावर काम केलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे की 'दुखणाईत आहे, फसवून दिली' हे नांदवायला नकार देण्याचं किती जुनं कारण आहे. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राच्या १९९९ सालच्या अभ्यासावरून काढलेला एक अंदाज नंतर सरकारी कागदपत्रांतही वर्षानुवर्षं छापला गेला : देशात दरवर्षी एक लाखाहून अधिक बायकांना क्षयापायी घरचे टाकून देतात. आकडा तेव्हाचा आहे, पण त्यामागची रीत आजही गावोगावी दिसते. कायदा मात्र हळूहळू बदलत गेला. हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्मार असलेल्या व्यक्तीचं लग्नच नियमबाह्य मानत. ती अट १९९९ साली निघाली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ते २०१९ साली काढून टाकलं. बरा होणारा आजार हा कुणाला टाकून देण्याचा आधार होऊ शकत नाही, हे कायद्याला उशिरा का होईना पटलं. सोयरीक जुळवणाऱ्यांना अजून पटायचं आहे.

आनंदीबाईंच्या वेळी औषध नव्हतं

आपण शाळाशाळांतून डॉ. आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगतो. रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं. पुढच्याच वर्षी आनंदीबाई बोटीने अमेरिकेला गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, एकविसाव्या वर्षी, पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांना झालेल्या आजाराचं कारण तेव्हा जगाला कळलेलं होतं, पण औषध नव्हतं. क्षयावरचं पहिलं खरं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडलं. आनंदीबाईंच्या मृत्यूला आपण दैवदुर्विलास म्हणू शकतो. आज जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रावर काही तासांत क्षयाचं निदान होतं, त्याला एका मुख्य औषधाची दाद मिळते की नाही हेही त्याच तपासणीत कळतं. आजच्या मुलीच्या हालांना दैव म्हणता येणार नाही.

मुंबईच्या दीप्ती चव्हाण यांचं उदाहरण मी गटांच्या बैठकीत नेहमी सांगते. १९९९ साली, सोळाव्या वर्षी, दहावीच्या परीक्षेच्या सुमारास त्यांना क्षय झाल्याचं कळलं, आणि तो औषधांना न जुमानणारा निघाला. सहा वर्षं उपचार, चारशेहून अधिक इंजेक्शनं, दोन मोठ्या शस्त्रक्रिया. त्यातून त्या बऱ्या झाल्या, आणि तोंड लपवून जगण्याऐवजी स्वतःच्या नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलायला लागल्या. क्षयातून बरे झालेल्यांच्या गटाबरोबर त्या रुग्णांच्या हक्कांसाठी काम करतात. बैठकीत हे ऐकलं की बायका पहिला प्रश्न विचारतात, "तिनं नाव सांगितलं? खरं नाव?" या प्रश्नावरूनच कळतं की औषधाइतकंच नाव घेऊन बोलणं अवघड आहे. दीप्तीताईंना जी सहा वर्षं काढावी लागली, ती आजच्या मुलीला काढावी लागू नयेत अशी सोयही आता झाली आहे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी फक्त तोंडाने घ्यायच्या चार औषधांची, सहा महिन्यांची नवी उपचारपद्धत केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. पण ती पोहोचणार कुणापर्यंत? जिचं नाव दवाखान्याच्या वहीत आहे तिच्यापर्यंत. मामाच्या गावी लपवलेल्या मुलीपर्यंत नाही.

सरकारचं काय?

सगळा दोष आईबापांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मार्च २०१८ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलं की २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१५ साली देशात लाखामागे २३७ जणांना नव्याने क्षय होत होता. २०२४ साली १८७ जणांना. प्रमाण उतरलं हे चांगलंच आहे. पण त्याला क्षयमुक्ती म्हणता येत नाही. आणि भिंतींवर 'क्षय हरेल, देश जिंकेल' रंगवलेलं असताना मार्च २०२४ मध्ये देशात अनेक ठिकाणी नेहमीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला. महाराष्ट्रालाही त्याची झळ बसली. केंद्राने राज्यांना कळवलं की तीन महिने तुमच्या पातळीवर खरेदी करा. तो महिना दहावीच्या परीक्षेचा होता. एक दिवसही गोळी चुकवू नकोस, हे ज्या मुलीला आपण शंभरदा बजावतो, तिला दवाखान्यातून 'परवा या' म्हणून परत पाठवायचं, हा बेजबाबदारपणा कुणाच्या खात्यावर टाकायचा?

क्षयरुग्णाला सकस खाता यावं म्हणून एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये सुरू झाले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. चांगली योजना आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं खातं नसलं तर पैसे बहुधा वडिलांच्या खात्यात जातात, आणि तिथून बी-बियाण्यात, उधारीत, कधी दारूतही जातात. समजा दाणे, अंडी, डाळ घरात आली, तरी वाढताना हात कुणाच्या ताटाकडे आधी जातो हे आपण सगळ्याजणी जाणतो. शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा अंगात क्षयाचा जंतू शिरला तर त्याला अडवणार कोण?

आजार डोळ्यांना दिसला की यंत्रणा किती वेगाने हलते तेही आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत माणसांचे केस मूठमूठ गळून टक्कल पडायला लागलं. बातमी देशभर गेली. पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने घेतले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकं आली. ते व्हायलाच हवं होतं. त्या दिवसांतही मुली डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून घरात बसल्या, शाळा-कॉलेजला जाईनाशा झाल्या आणि सोयरिकींची चर्चा आजाराच्या चर्चेआधी सुरू झाली. मुलीच्या डोक्यावरचा केस असो की छातीतला खोकला, तिच्या शरीरात काहीही बिघडलं की पहिला प्रश्न लग्नाचाच येतो. केसांचा बिघाड लपवता आला नाही म्हणून पथकं आली. खोकला लपवता येतो, म्हणून कुणीच येत नाही.

शाळा आणि परीक्षा

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयापुरता, आठवीपर्यंतचा आहे. म्हणजे नववी-दहावीत मुलीची शाळा सुटली तर तिला परत आणणं ही कायद्याने कुणाचीच जबाबदारी उरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलती मागता येतात. क्षय त्या यादीत नाही, आणि बरा होणारा आजार म्हणून त्याला कायमचं अपंगत्व म्हणावं असं माझंही मत नाही. पण सहा महिने मळमळत्या पोटाने, थकल्या अंगाने जी मुलगी परीक्षा देते, तिच्यासाठी मधला काही नियम असायला नको का?

ज्या सोयी आहेत त्या मुलींपर्यंत पोहोचत नाहीत. ७५ टक्के हजेरीच्या अटीत आजारपणाच्या दाखल्यावर सूट मिळण्यासाठी शाळेने विभागीय मंडळाकडे, आपल्याकरता अमरावतीला, अर्ज करायचा असतो. राहिलेल्या विषयांसाठी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. शाळा सुटलीच तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थिनी म्हणून दहावी देता येते. हे किती आयांना ठाऊक आहे? सरांना ठाऊक असतं, पण वर्गाच्या निकालाची टक्केवारी सांभाळणाऱ्या शाळेला आजारी मुलगी बसली नाही तर बरंच वाटतं.

हे बदलता येतं, याचा एक अनुभव सांगते. घाटावरच्या एका गावात दहावीतल्याच दुसऱ्या एका मुलीला नोव्हेंबरमध्ये क्षय निघाला. तिथे आमचा गट जुना आहे. गटातल्या दोघीजणी स्वतः क्षयातून बऱ्या झालेल्या. त्या उघडपणे त्या घरी गेल्या आणि दारातच मोठ्याने म्हणाल्या, "आमाले झाला व्हता, आमी मेलो का?" पहिले काही आठवडे मुलगी घरीच राहिली. मैत्रिणींनी वह्या पोहोचवल्या. नंतर डॉक्टरांनी लिहून दिलं की तिच्यापासून आता लागण होण्याची भीती नाही. तो कागद घेऊन आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. ती पुन्हा मानव विकासच्या निळ्या बसने शाळेत जायला लागली. लघवी लाल-केशरी होते म्हणून ती घाबरली होती. ते गोळीमुळे होतं, रक्त नसतं, हे गटातल्या बाईने तिला सांगितलं. परीक्षेला ती बसली. गणित राहिलं. उन्हाळ्यात तिचा काका पाहुणे घेऊन आला. "सहा महिन्यांच्या गोळ्या झाल्या, आता पोरगी चांगली झाली, उरकून टाका," असं त्याचं म्हणणं होतं. मुलगी सोळा वर्षांची होती. गटातल्या बायकांनी २००६ च्या बालविवाह कायद्याची आठवण करून दिली, वडिलांशी बोलल्या, आईला धीर दिला. बैठकीतून पाहुणे चहा पिऊन परत गेले. पुरवणी परीक्षेत तिचं गणित सुटलं. आता ती अकरावीत आहे. लग्नाचा विषय टळलेला नाही, लांबला आहे. पण लांबलेलं प्रत्येक वर्ष तिच्या हातात पडतं आहे.

पहिल्या मुलीत आणि या मुलीत गोळ्यांचा फरक नव्हता. गोळ्या त्याच होत्या. फरक होता तो आजूबाजूला उभ्या राहिलेल्या बायकांचा.

आपण काय मागायचं, काय करायचं

शाळांकडे आणि मंडळाकडे माझ्या मागण्या चार आहेत. एक, नववी-दहावीतली मुलगी सलग पंधरा दिवस शाळेत आली नाही तर मुख्याध्यापकांनी घरी चौकशी केलीच पाहिजे, आणि तिची नोंद शाळा व्यवस्थापनापुढे आली पाहिजे. दोन, क्षयासारख्या लांबल्या आजारात हजेरीची सूट, परीक्षेत मधली विश्रांती आणि गरज पडल्यास लेखनिक मिळायला हवा, आणि त्यासाठी आईबापांना अमरावतीचे हेलपाटे पडता कामा नयेत. तीन, आजारामुळे ज्या मुलीचं वर्ष गेलं तिला त्याच शाळेत, त्याच वर्गात, नव्याने फी न भरता पुन्हा बसण्याचा हक्क असला पाहिजे. चार, दवाखान्यात औषध संपणं हा मुलीचा दोष धरू नये. संपल्याची पाटी लावण्याआधी ते कुठून मिळेल याची सोय व्हावी.

आणि आपल्या गटांनी? बचतगटाच्या, संघटनेच्या बैठकीत दोन आठवड्यांवर चाललेला खोकला हा विषय घ्या. मुलीचं बँक खातं काढायला लावा, आणि पोषणाचे हजार रुपये तिच्या ताटात पडतात का हे विचारा. पाळी थांबली म्हणून मुलीला मारणाऱ्या घरात आधी जा. आशाताईला एकटं सोडू नका. आजाराचं नाव सांगायला गेलेल्या आशाताईला शिव्या खाव्या लागतात. क्षयातून उठलेल्या बायका तुमच्या गटात असतीलच. त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर जबरदस्ती नको. दरवर्षी २४ मार्चला क्षयरोग दिनाच्या फेऱ्या निघतात, शाळकरी मुलं घोषणा देतात. त्या दिवशी प्रत्येक गटाने आपापल्या गावच्या शाळेत जाऊन एकच प्रश्न विचारावा : जूनमध्ये दहावीच्या वर्गात किती मुली होत्या, आणि परीक्षेला किती बसल्या? मधल्या मुली कुठे आहेत, त्यांची नावं काय, आणि त्यांना परत कधी आणायचं?

तुमच्या भागात असे प्रसंग आले असतील, शाळेने किंवा दवाखान्याने काही चांगली वाट काढली असेल, तर आपल्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. मुलीचं नाव-गाव कळवू नका, पण तिचं वर्ष वाचवायला काय काय करावं लागलं ते सविस्तर कळवा. पुढच्या जूनपर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.